सुई उडाली तिथला तुकडा

“मग चुकलं कुठं, मास्तर?”

हेरंबनं विचारलं. विचारलं कसलं, दटावलंच. पोरगा गळ्यानं गोड, पण माज अंगात मावत नव्हता.

अमेरिकेत पूर्वी काही गाणारे होते. जाझच्या तबकडीवरचं नुसतं वादन घ्यायचे, सुरागणिक त्याला शब्द घालायचे आणि तेच तोंडानं गायचे. त्यांच्या तबकड्या ऐकून हेरंबला खूळ लागलं. त्यानं धरलं इनास मास्तरांचं ट्रम्पेट. चोपन्न साली मास्तर मुंबईत हॉटेलात वाजवायचे, तेव्हाची तबकडी. जन्मात एकच निघाली. तिला मराठी शब्द घालून हा वसईला आला आणि मास्तर लगेच ‘गा’ म्हणाले, तसा त्यांच्या पुढ्यात गायला. उद्या सकाळी स्टुडिओ. आज नुसती शाबासकी न्यायची होती.

मास्तर डोळे मिटून, मांडीवर बोटं चालवत ऐकत होते. मधेच एका जागी त्यांनी कान पुढं केला... आणि मान खाली घातली.

“एक सूर सोडला नाही मी,” हेरंब म्हणाला.

“आख्खा तुकडा सोडलास.”

“तबकडीत आहे तेवढं गायलो.”

“कुठली तबकडी?”

“चोरबाजारातली. दुसरी मिळतच नाही.”

“चरा पडलाय तिला. सुई उडी मारते. तू ती उडीच गायलास, बाबा. वर शब्दपण जुळवलेस!”

हेरंबचं तोंड उतरलं. पंधरा महिने घोटलं होतं. चऱ्यासकट घोटलं होतं.

“तुमच्याकडची?”

“तिच्यावर रोजा बसली, फुटली. आमचं लग्न झालं त्याच साली. कितीतरी दिवस बोललो नाही मी तिच्याशी... आता रोजा पण नाही.”

“मग तेवढा तुकडा वाजवा. उद्या मी काय तोंड घेऊन उभा राहू?”

मास्तरांनी ओठ फाकले. समोरचा एक दात नाही. तसल्या तोंडाला ट्रम्पेट लागत नाही.

“गुणगुणा तरी.”

 म्हाताऱ्यानं हेरंबचा हात ओढून मनगटावर, ट्रम्पेटच्या तीन कळांवर ठेवावीत तशी, तीन बोटं टेकली, आणि दाबू लागला. भराभर... मग सावकाश... एकदा मधलं बोट नुसतं धरून ठेवलं...

बोटं कुठं अडली नाहीत. तुकडा पुरा झाला. खोलीत आवाज नाही.

“सूर कोणते, मास्तर?”

“बोटावरनं काय कळणार? एका बोटाला चार-चार सूर. कोणता, ते ओठ ठरवतात.”

हेरंबचा आवाज बारीक झाला. “पण तुम्हाला आतून ऐकू येतं ना?”

मास्तरांनी बोटं उचलली नाहीत.

“मला येत असतं, तर तुला ‘गा’ कशाला म्हटलं असतं?”