ठकूने शोधलेला मुलूख

"आठ दिवसांत या पुस्तकाहून जुना कागद आणून दाखवा, नाहीतर आळी खाली करा!"

हिरडगडच्या उदाजीराव महाराजांचा हा हुकूम ऐकला आणि रखमाजी जिनगरानं चामडं टोचायची आरी खाली ठेवून हात जोडले. त्याची लेक ठकू मात्र महाराजांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

महाराजांना नाद एकच. गोरे लोक अमेरिकेत कसे उतरले, तिथं वसाहती कशा थाटल्या, याची जुनीपुराणी पुस्तकं जमवायची! विलायतेहून पेट्याच्या पेट्या यायच्या. एकशे बारा पुस्तकं झाली. ती ठेवायला टोलेजंग इमारत हवी, इमारतीला जागा हवी, आणि जागा सापडली ती जिनगर आळीची. बारा घरं अन् मागं कातडी वाळवायचं आवार. त्या आवारात आज सकाळीच संस्थानचं निशाण रोवलं होतं.

"सरकार, सात पिढ्या इथंच नांदल्या," रखमाजी काकुळतीला आला.

"कागद आहे?"

"कागद कुठला, सरकार?"

महाराज खुलले. "अगदी हेच लिहिलंय यात! तिथल्या लोकांकडेही कागद नव्हता. नांगर नाही, कुंपण नाही, ती जमीन बेवारस. जो पहिलं पाऊल टाकील, तो धनी! पुस्तक तीनशे वर्षांचं आहे. जेवढं जुनं, तेवढं खरं!"

गंमत अशी, की ती सगळी पुस्तकं नव्या चामड्यात बांधायला रखमाजीकडेच आली होती. घर मोडणाऱ्याच्या पुस्तकांना जरीची नक्षी काढायची! महाराज गेल्यावर बारा घरांत चूल पेटली नाही. ठकूला वाचता येत नव्हतं, पण एवढं काय आहे यात, म्हणून तिनं रागारागानं एक पुस्तक उचललं. उघडेना! पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच. जुनी पुस्तकं तशीच येत. वाचणाऱ्यानं सुरीनं कापून घ्यायची. तिनं दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं आणि खुदकन हसली.

"आबा, सुरी द्या!"

"अगं, रडायचं सोडून सुरी कशाला?"

"द्या तर!"

आठव्या दिवशी ठकू दरबारात रिकाम्या हातानं उभी राहिली.

"कागद?" महाराजांनी विचारलं.

"नाही, सरकार."

"मग आळी सोडा. आणि आमची पुस्तकं?"

"ती आता आमची झाली!"

दिवाण ओरडले, "चोरी!"

"चोरी कशी, दिवाणसाहेब? शोध लावला! एकशे बारांपैकी एकशे नऊ पुस्तकांत माणसाचं पाऊल पडलेलं नाही. सगळी पानं जोडलेली! ना नांगर, ना वस्ती. पहिली सुरी मी चालवली. सरकारच म्हणाले, पहिला जाईल तो धनी. उरलेली तीन तेवढी सरकारांची. त्यांचीही पहिली वीस पानंच कापलीत, पण असू दे, आम्ही भांडत नाही."

दरबारी मिशीआड हसू लागले. महाराज लालेलाल झाले. "मूर्ख पोरी! आम्ही विकत घेतलीत! दिवाणजी, पावत्या आणा!"

पावत्यांचा गठ्ठा आला. ठकूनं हात जोडले. "पावत्या केव्हाच्या, दिवाणसाहेब?"

"गेल्या सालच्या."

"आणि पुस्तकं?"

"तीनशे वर्षां..." दिवाणांची जीभ अडखळली.

"मग पुस्तकाहून जुना कागद दाखवा, सरकार! आणा सावकाश. आठ दिवस मीही थांबते!"

महाराजांनी एकदा पावत्यांकडे पाहिलं, एकदा ठकूकडे. आणि मग असे हसले, असे हसले, की डोक्यावरचा जरीचा मंदिल कानावर घसरला!

"दिवाणजी, आधी ते निशाण उपटा! आळीची सनद बारा घरांच्या नावानं लिहा. पुस्तकं आमच्या पत्ते खेळायच्या दालनात ठेवू, तसंही तिथं आम्ही हरतोच!"

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूपुढं धरलं. "बाईसाहेब, तुमच्या मुलखातली एकशे नऊ पुस्तकं या कड्याच्या बदल्यात आम्हाला द्याल का?"

ठकूनं कडं हातात तोलून पाहिलं. "देते, सरकार. पण बांधणीची मजुरी वेगळी!"