आयुष्य वाढवून द्या, बुवा

“पण आयुष्य वाढवता येतं की नाही, तेवढं सांगा ना बुवा!”

अच्युतानं हे सकाळपासून कितव्यांदा विचारलं, देव जाणे. निंबाबुवा चुलीपुढं बसून पिठलं घोटत होते. गावाबाहेरच्या त्या लहानशा मठात स्वयंपाक बुवाच करायचे, आणि पळी हातात असली की साक्षात ब्रह्मदेव आला तरी मान वर करायचे नाहीत.

हा अच्युत म्हणजे मठातला सगळ्यात हुशार शिष्य, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. ‘देह नश्वर आहे’ यावर असा काही बोलायचा, की ऐकणारे माना डोलवायचे. मरण मात्र त्यानं परवा पहिल्यांदा पाहिलं. त्याच्याच वयाचा, त्याच्याच शेजारी पथारी टाकणारा कान्हू तापानं गेला. सकाळी त्यानं ताक मागितलं, दुपारी तिरडी बांधावी लागली. उचलताना अच्युतानं त्याचे पाय धरले होते. ते इतके गार लागले, की बिचारा तेव्हापासून नुसत्या पाण्यावर होता.

“घरून निरोप आलाय ना तुझ्या?” बुवांनी विचारलं.

“आलाय. गोदू विचारते, कधी येताय.”

गोदू त्याची बायको. जेमतेम चार महिने संसार करून हा पठ्ठ्या शास्त्र शिकायला इथं येऊन बसला होता.

“मग?”

“नाही जात.” अच्युत म्हणाला. “फार आठवण येते हो तिची. जात्यावर बसली की ओवी अर्धीच म्हणायची, पुढचं विसरायची, आणि आपली आपणच हसायची. ते हसू ऐकायला जीव तुटतो माझा... पण उद्या तिचेही पाय तसेच गार लागले तर? मला नाही सोसायचं, बुवा. आयुष्य वाढवायचा उपाय द्या, म्हणजे आजच निघतो. नाहीतर इथंच संन्यास घेतो. ती नकोच, आणि तिचं जाणंही नको.”

बुवांनी पातेलं खाली उतरवलं.

“वाढवायचं मला येत नाही, बाबा. वाढायचं तेवढं येतं. बस पानावर.”

“थट्टा करताय गरिबाची?”

“बस म्हणतो ना!”

अच्युत फुरंगटून बसला. बुवांनी पत्रावळीवर भाकरी ठेवली, पिठलं वाढलं, वर तेलाची धार सोडली. पिठल्यातून वाफ निघत होती.

अच्युत हात लावीना.

“एवढीच भाकरी?”

“एवढीच.”

“म्हणजे संपणार.”

“संपणार.”

...

वाफ विरली. पिठल्यावर पापुद्रा धरला. अच्युत आपला भिंतीकडं बघत बसलेला.

बुवांनी हात पुढं केला आणि अन्नासकट पत्रावळ मुडपायला घेतली.

अच्युतानं झडप घालून त्यांचं मनगट धरलं. “अहो बुवा, हे काय! मी अजून जेवलो कुठं?”

बोलला, आणि स्वतःच चरकला.

“कान्हूही अजून कुठं जेवला होता...” तो ढसाढसा रडायला लागला. परवापासून डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं आता आलं. बुवांनी त्याला रडू दिलं. त्यांचेही डोळे भरले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

बऱ्याच वेळानं अच्युतानं उपरण्यानं तोंड पुसलं.

“तीही एक दिवस जाणार... होय ना?”

“होय.”

“आणि तरी मी तिच्याकडं जायचं?”

बुवांनी पत्रावळ पुन्हा उलगडली आणि त्याच्यापुढं सरकवली.

“निवलंय थोडं, पण जेव. आणि आटप लवकर... तिकडं तिचंही पान निवतंय.”