गुलबक्षीची परी आणि दारातली वही

तर बाळांनो, एका कॉलेजच्या आवारात लालचुटुक कौलांचं प्रार्थनाघर होतं. त्याच्या मागच्या एवढ्याशा खोलीत हन्ना आईबरोबर राहायची. अंगावर एकच फ्रॉक, तोही विरलेला! दर शुक्रवारी संध्याकाळी तिथे वसतिगृहातल्या मुलांसाठी गाणी, गप्पा आणि जेवण असायचं. हन्नाची आई मऊमऊ खिचडी रांधायची. पण खायला यायचं कोण? कुणीच नाही!

एका शुक्रवारी प्रार्थनाघराचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, हन्नाच्या आईला म्हणाले, "मार्थाबाई, आजही कुणी आलं नाही, तर हे सगळं बंद. मग खोलीही सोडावी लागेल हो."

आईचे डोळे भरून आले. ते हन्नाला बघवेना. ती रडत रडत बागेत धावली. तिथे गुलाबी, पिवळी गुलबक्षी नुकती उमलत होती. एका इवल्याशा फुलातून चमचम करत परी बाहेर आली, अगदी मधमाशीएवढी!

"काय हवंय गं रडूबाई? एकच इच्छा हं! आणि ती स्वतःसाठी मागायची नाही."

'आमची खोली' हे शब्द हन्नाच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "ज्यांना घरची आठवण येते, ती मुलं आज इथे पोटभर जेवू देत."

"शहाणं गं माझं बाळ! पण दारात कुणाला नाव-गाव विचारायचं नाही. विचारलंस की इच्छा फुस्स!"

अगंबाई, आली का पंचाईत! दारात वही घेऊन बसायचं काम हन्नाचंच होतं. नाव, आडनाव, गाव, कुठल्या चर्चच्या मंडळीतले, सगळं लिहून घ्यायचं अशी पाळकसाहेबांची शिस्त.

हन्ना दारात जाऊन बसली आणि परीने पंख झटकले. वसतिगृहापर्यंत रुपेरी वाट झगमगली. लांब वेणीची एक मुलगी त्या वाटेने आली आणि वही दिसताच फाटकातच थबकली.

"अगं, विचार की!" मागून पाळकसाहेब म्हणाले.

 हन्नाने मात्र वही मिटली. "ताई, भूक लागलीये ना? या, खिचडी गरम आहे."

"आडनाव नाही विचारणार?"

"नाही."

ताई खुदकन हसली आणि मागे वळून ओरडली, "या रे सगळे! आज काही विचारत नाहीत!"

मग काय, झुंडीच्या झुंडी आत! पंगतीत बसल्यावर ज्याने त्याने आपलं नाव आपणहून सांगितलं. कुणी गावच्या नदीचं गाणं म्हटलं, कुणाला आईच्या आठवणीने रडू आलं.

पाळकसाहेब पुरते ओशाळले. "म्हणजे मुलं येत होती आणि माझी वही बघून परत जात होती? चुकलंच माझं. मार्थाबाई, पुढच्या शुक्रवारी मोठं पातेलं चढवा. खोली तुमचीच."

"सुटले गं बाई!" म्हणत आईने हन्नाला घट्ट कवटाळलं.

गुलबक्षीवर सोनेरी उजेड झाला. परीने हात हलवला आणि ती त्या उजेडात विरून गेली.

"काकू, तुम्ही कधी जेवणार?" वेणीवाल्या ताईने विचारलं आणि सरकून दोघींना जागा केली. आजवर आई रांधून वाट बघतच थकायची. आज मुलांनी तिला वाढलं.