प्रत्येकाचा लाडू सगळ्यांत मोठा

नांदवडीच्या महाराजांनी मला हुकूम दिला, की त्यांच्या लेकीच्या, अक्कासाहेबांच्या, पाचव्या वाढदिवसाला चाळीस पोरं जेवायला येतील आणि त्यांतल्या प्रत्येकाचा लाडू बाकी सगळ्यांच्या लाडवांपेक्षा मोठा असला पाहिजे.

मी म्हणालो, "सरकार, एकाचा मोठा केला की दुसऱ्याचा लहान होणार."

"ते तुमचं तुम्ही बघा, पंत. गेल्या वर्षी काय झालं ते आठवतंय ना?"

न आठवून कसं चालेल? गेल्या वर्षी कोतवालाच्या मुलाचा लाडू अक्कासाहेबांना मोठा दिसला. त्यांनी भोकाड पसरलं, त्यांचं बघून बाकीच्या पोरांनी पसरलं, आणि औक्षणाचं तबक घेऊन राणीसाहेब तशाच उभ्या राहिल्या. यंदा वाढदिवसच नको म्हणून अक्कासाहेब आठ दिवस रुसून बसल्या होत्या.

"या वेळी मी स्वतः प्रत्येक पोराला विचारणार," महाराज म्हणाले. "एकानं जरी दुसऱ्याच्या लाडवाकडे बोट दाखवलं, तर तुमची पगडी जाईल आणि तुम्ही हत्तीखान्यात चारा टाकायला जाल."

मी मुदपाकखान्याचा कारभारी. बावीस वर्षं मी या घराण्याला जेवू घातलंय, आणि हत्तीला मी खिडकीतूनसुद्धा नमस्कार करत नाही, इतका घाबरतो.

मग मी अक्कल चालवली. माझी अक्कल चालायला लागली की स्वयंपाकघरातली माणसं हळूच मागच्या दारानं निघून जातात. आधी सोनाराचा तराजू आणला आणि गुंजेचाही फरक नसलेले दोन लाडू माझ्या दोन नातवांना दिले. दोघंही एकदमच रडले, "त्याचा मोठा आहे!" मग ठरवलं, प्रत्येक पोराला वेगळ्या दालनात बसवायचं, म्हणजे दुसऱ्याचा लाडू दिसणारच नाही. दालनं मोजली तर भरली अठरा, त्यातही एकात हत्तीच्या झुली ठेवलेल्या. शेवटी चाळीस पोरांचे डोळे बांधून जेवायला वाढावं, असाही विचार मनात आला. तो मी बायकोला बोलून दाखवला. ती उठून आत गेली.

वाढदिवसाच्या सकाळी मी भाजलेल्या बेसनाच्या परातीपुढे डोक्याला हात लावून बसलो होतो. शेजारी हौसा डाळ दळत होती. ती आमच्याकडे जात्यावर बसते, आणि घरी तिची स्वतःची पाच पोरं आहेत.

"पंत, किती दिवस झाले, लाडवावाचून दुसरं बोलत नाही तुम्ही," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. पगडीचं सांगताना आवाज जरा कापला. हत्तीचं सांगताना फारच कापला.

तिनं जातं थांबवलं. "एवढंच व्हय? मग लाडू वळूच नका. बेसनात साखर मिसळा, परात तशीच बाहेर न्या, अन् मला एक वाटी द्या."

"अगं, लाडवाशिवाय वाढदिवस? महाराज मला सोलून काढतील."

"तसंबी काढणारच हायेत. वाटी द्या."

संध्याकाळी दिवाणखान्यात पोरं गोल बसली. हौसानं प्रत्येकाच्या पानात बरोबर एकेक वाटी बेसन ओतलं आणि म्हणाली, "आपापला वळा रे."

महाराज आले आणि थबकले. "पंत, लाडू कुठे आहेत?"

"वळताहेत, सरकार," मी खांबाआडून म्हणालो.

पोरांची कोपरापर्यंत तुपानं माखामाख झाली होती. कोतवालाच्या मुलानं लाडू थापून थापून भाकरीएवढा पसरट केला होता. गुरवाच्या मुलीनं काकडीसारखा लांबडा केला होता. एकाच्या लाडवाचे सात तुकडे झाले होते आणि तो ते ओळीनं मांडून खूश होता.

महाराज एकेकापुढे उभे राहिले. "सगळ्यांत मोठा लाडू कुणाचा?"

"माझा. बघा किती रुंद आहे."

"छे, माझा. हा बघा, पानाबाहेर गेलाय."

"माझे तर सात आहेत!"

चाळीस पोरांपैकी एकानंही शेजारच्या पानात पाहिलं नाही. शेवटी अक्कासाहेब. त्यांनी वळता वळता निम्म्याहून जास्त खाल्लं होतं आणि हातात सुपारीएवढी गोळी उरली होती. मी खांब घट्ट धरला.

"अक्का, सगळ्यांत मोठा कुणाचा?"

"माझा, आबासाहेब."

"अहो, हा तर सुपारीएवढा आहे."

"पण मी केलाय ना," अक्कासाहेब म्हणाल्या.

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. हरणं त्यांच्या रक्तात नाही. "पंत, ही चलाखी झाली. पोरांना काय कळतं! मोठं ते मोठंच आणि लहान ते लहानच."

हौसा पुढे झाली. "सरकार, उरलंय वाटीभर. तुम्ही एक वळून बघा."

महाराज मांडी घालून बसले. पहिला फुटला. दुसराही फुटला. तिसऱ्या खेपेला एक वेडावाकडा, चिरा पडलेला लाडू कसाबसा उभा राहिला. हौसानं त्याच्याशेजारी, मी तराजूवर तोलायला वळलेल्यांतला उरलेला एक लाडू ठेवला. तो चांगला दुप्पट होता.

"आता सांगा, सरकार. यातला मोठा कंचा?"

महाराजांनी दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं. मग आपला लाडू उचलून छातीशी धरला आणि म्हणाले, "हा. माझा."

आणि असे हसले की त्या हसण्यानं लाडू तिसऱ्यांदा फुटला. राणीसाहेबांनी औक्षण केलं, आणि अक्कासाहेब निरांजनाकडे बघत नीट बसून राहिल्या.

हौसाला महाराजांनी लुगडं दिलं आणि आणखी काय हवं विचारलं. ती म्हणाली, "महिनाभर जात्यावर पंतांना बसवा." महाराज पुन्हा हसले आणि हो म्हणाले.

तेव्हा सध्या मी डाळ दळतो. पगडी डोक्यावर शाबूत आहे. त्या संध्याकाळी खांबाआड मीही एक लाडू वळला होता. सगळ्यांत मोठा तोच होता, पण मला कुणी विचारलंच नाही.