बोरमाळची अर्धी भिंत

बोरमाळ खदानीच्या जुन्या तोंडाशी ही विटांची भिंत दिसते ना, ती कधी पुरी झालीच नाही. माणसाच्या कमरेला लागते आणि थांबते. नवे लोक विचारतात, विटा संपल्या होत्या का? नाही. विटांचा ढीग शेजारीच पडून होता. ती का थांबली, ते आमच्या वस्तीत असं सांगतात.

गोऱ्या साहेबाच्या काळातली गोष्ट. तेव्हा माणसं जोडीजोडीनं खाली उतरत. एकानं कोळसा फोडायचा, दुसऱ्यानं टोपल्यात भरायचा. जंगू मडावी इथलाच, गोंड. त्याचा जोडीदार पोशेट्टी पोटासाठी तेलंगणातून आलेला. एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नव्हती. पण नऊ वर्षं दोघांनी एका कंदिलाच्या उजेडात काम केलं, एका फडक्यातली भाकर खाल्ली. छत करकरलं की आधी जोडीदाराला ढकलायचं, मग आपण पळायचं, हे त्यांना न बोलता कळे.

एका दुपारी जंगू टेकूचं लाकूड न्यायला वर आला आणि मागे खदानीत आग लागली. धुरातून माणसं खोकत बाहेर पडली. पोशेट्टी आला नाही.

खदानीच्या साहेबानं गवंडी बोलावला. तोंड बुजवलं की आग गुदमरेल आणि कोळसा वाचेल, असं त्याचं म्हणणं. लोकांसाठी त्यानं पाण्याच्या बादल्या मांडल्या. तोंडं धुवा, घरी जा. जो जाईल त्याचं काम टिकेल.

बादलीला कोणी हात लावला नाही. भिंत कमरेपर्यंत आली तेव्हा जंगू उठला, ती ओलांडून आत गेला आणि मांडी घालून बसला.

“बांधा आता,” तो गवंड्याला म्हणाला.

“वेडा झालास का? तो मेला आहे!” साहेब ओरडला.

“मेला असन तर मेलेला आणतो. पण तो आत हाय तोवर मी बाहेर येत नाही.”

मग पोशेट्टीची बायको लचमव्वा भिंत ओलांडून त्याच्या शेजारी बसली. तिच्यामागून एकेक करत पाळीवरची सगळी माणसं आत गेली. साहेबानं बंदूक काढली म्हणे. कोणी हललं नाही. शेवटी गवंड्यानंच थापी खाली ठेवली. “माणसांवर विटा रचणं मले जमत नाही, साहेब,” एवढंच तो बोलला.

लचमव्वानं त्याच बादल्यांत पोती भिजवली, जंगूच्या अंगाला गुंडाळली, आणि तो खाली उतरला. असं सांगतात की त्या घडीला वारा फिरला आणि धुरानं वाट दिली. पाय लाकडाखाली अडकलेला, तोंड जमिनीला टेकलेलं, असा पोशेट्टी त्याला सापडला. जंगूला बघताच त्यानं तेलुगूत शिवी हासडली. कशाला आलास मरायला? ती मात्र जंगूला नीट कळली म्हणे. दिवस मावळायच्या आत तो पोशेट्टीला पाठीवर घेऊन वर आला. पोशेट्टीचा पाय गेला, जीव राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेबानं जंगूला कामावरून काढलं. त्या दिवशी खदानीत कोणी उतरलं नाही. पुढचे सात दिवसही नाही. मग साहेबानंच निरोप धाडून जंगूला परत बोलावलं.

आजही बोरमाळला जोडीदार वर आल्याशिवाय कोणी तोंड धूत नाही. नव्या खदानीवर नळ आले, फरशी आली, कितीतरी साहेब येऊन गेले, पण रीत मोडली नाही. माझा जोडीदार खाली अडकला तेव्हा मी स्वतः तीन दिवस काळ्या तोंडानं खदानीपाशी बसलो होतो. मोठे साहेब म्हणाले, “आता घरी जा, बाबा. तुझी पाळी संपली.” मी म्हटलं, “त्याची संपली नाही, तर माझी कशी संपली?”

चौथ्या दिवशी त्याला चादरीखाली वर आणलं. त्याच्या आईनं पाणी मागितलं. आधी त्याचं तोंड पुसलं, मग माझं.