पाचारणे सरांचा निकाल

एका तालुक्याच्या गावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, मुकुंद पाचारणे नावाचे एक सर संगणकाचा क्लास चालवत. खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर क्लास. संगणक एकमेकांना कसे जोडायचे, आणि जोडलेलं बिघडलं तर बिघाड कसा शोधायचा, हे ते शिकवत. सहा महिन्यांचा कोर्स होता. शेवटी जिल्ह्याच्या गावी जाऊन एक परीक्षा द्यावी लागे. त्या परीक्षेचं प्रमाणपत्र हातात असलं, की पुण्याकडच्या कंपन्या निदान मुलाखतीला तरी बोलावत.

क्लासच्या जिन्यापाशी एक मोठी पाटी होती. ‘शंभर टक्के निकाल. सलग नऊ वर्षं.’ पाटीवर सरांचा हसरा फोटो होता. फोटोतले केस अजून काळे होते. गावातले लोक पाटी वाचत, मान हलवत आणि आपल्या मुलांना वर पाठवत. सरांचं सगळं नाव त्या एका ओळीवर उभं होतं.

पाटी खोटी नव्हती. पण ती टिकते कशी, हे कुणी विचारत नसे. परीक्षेच्या महिनाभर आधी सर क्लासातच एक पूर्वपरीक्षा घेत. तिच्यात ज्याला कमी गुण पडत, त्याचा फॉर्म ते भरतच नसत. ‘पुढच्या बॅचला बसा’ म्हणत. पुढच्या बॅचला जमलं नाही तर त्याच्या पुढच्या. काही जण कंटाळून येणं सोडत. आता, जो नापास होईलसं वाटतं त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही, तर निकाल शंभर टक्के लागेल नाहीतर काय होईल? पण सर काही लबाड माणूस नव्हते. नापास झालं की मुलांचं मन मोडतं, म्हणून आपण हे करतो, असं त्यांना अगदी मनापासून वाटे.

त्या क्लासात अनसूया खैरमोडे नावाची एक बाई शिकायला येई. वय त्रेचाळीस. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर ती कंत्राटावर काम करी. दवाखान्यातले सगळे संगणक आता एकमेकांना जोडले जाणार होते आणि ते सांभाळायला एक कायमची जागा निघणार होती. त्या जागेसाठी हे प्रमाणपत्र लागणार होतं. अनसूयाबाई दिवसभर खिडकीवर बसे आणि पाच वाजता क्लासला येऊन मागच्या बाकावर बसे. एका मोठ्या जाळ्याचे लहान तुकडे पाडून प्रत्येक संगणकाला त्याचा पत्ता वाटून द्यायचा असतो. त्यालाच सबनेटिंग म्हणतात. तिथेच तिचं गाडं अडे. सरांनी तिला दोन वेळा थांबवलं होतं. तिसऱ्या वेळीही थांबवलं, तेव्हा ती टेबलापाशी आली.

“सर, हू द्या की नापास,” ती म्हणाली. “कुटं चुकतंय ते तरी कळंल.”

सर समजुतीनं हसले. नापासाचा शिक्का वाईट असतो ताई, म्हणाले, घाई करू नका.

तिनं वाद घातला नाही. हा फॉर्म आपला आपल्यालाही भरता येतो, हे तिनं खिडकीवर गर्दी नसताना मोबाइलवर शोधून काढलं आणि भरून टाकला. फॉर्ममध्ये एक रकाना होता, कुठल्या क्लासात शिकलात. तो तिनं मोकळा ठेवला. आपल्यामुळे सरांच्या पाटीला धक्का लागू नये, एवढाच तिचा विचार होता.

इकडे सरांनाच परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं एक पत्र आलं. या विषयातल्या प्रमाणपत्रांची एक गंमत असते. ती जन्मभर चालत नाहीत. यंत्रं बदलतात, रीती बदलतात, म्हणून दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायची आणि नवं प्रमाणपत्र घ्यायचं, असा नियम असतो. सरांचं प्रमाणपत्र छान चौकटीत भिंतीवर लावलेलं होतं आणि त्याची मुदत संपून सहा वर्षं झाली होती. दरवर्षी सर ठरवत, यंदा बसायचंच. दरवर्षी काहीतरी निघे. कधी बॅच मोठी असे, कधी घरचं लग्न, कधी पाठ धरलेली. खरं कारण एकच होतं आणि ते सर स्वतःशीही बोलत नसत. नापास झालो तर? जो नियम ते मुलांना लावत होते, तोच त्यांनी गुपचूप स्वतःलाही लावून घेतला होता.

पत्रात लिहिलं होतं, की शिक्षकाचं प्रमाणपत्र चालू नसेल तर मार्चअखेर क्लासची मान्यता रद्द होईल. पत्र आलं तेव्हा जानेवारी निम्मा संपला होता. आता ना लग्न पुढे करता येत होतं, ना पाठ. सरांनी तारीख घेतली.

विद्यार्थ्यांना कळलं तेव्हा त्यांना मजाच वाटली. आपले सर आणि परीक्षा! ते पास होतील की नाही, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. सरांच्या मनात मात्र दुसरं काहीच येत नव्हतं. जुना भाग त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी आला असता. पण बिनतारी जोडणीचा भाग, म्हणजे वायफाय आणि त्याची सुरक्षा, नऊ वर्षांत पार बदलून गेला होता. क्लासात तो धडा आला की सर ‘हे सोपं आहे, घरी वाचून घ्या’ म्हणून पुढे जात. आता त्यांनी तो स्वतः वाचायला घेतला आणि त्यांना घाम फुटला. कुणाला विचारावं, तर विचारणार कुणाला?

परीक्षेच्या दिवशी सकाळी सर जिल्ह्याच्या गावी पोचले. केंद्रावर त्यांना घड्याळ काढायला लावलं, फोन काढायला लावला, बाह्या वर करायला लावल्या. खिसे उलटे करायला सांगितले तेव्हा एका खिशातून फळ्यावर लिहायचा मार्कर निघाला. तोही जमा करावा लागला. दारावरची मुलगी त्यांच्या निम्म्या वयाची होती. तिनं त्यांचा चष्मा हातात घेऊन दोन्ही काड्या तपासल्या. कितीतरी वर्षांत सरांना असं कुणी तपासलं नव्हतं. आत जाऊन ते आपल्या जागेवर बसले आणि शेजारी पाहतात तर अनसूयाबाई.

तिनं नुसती मान लववली. बोलायला बंदीच होती.

ही परीक्षा संगणकावरच असते आणि शेवटचं बटण दाबलं की तिथल्या तिथे निकाल दिसतो. हजारात सातशे लागतात. सरांनी बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर सहाशे चौसष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेवढेच होते. बाहेर येऊन त्यांनी छापील कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात खोल कोंबला.

परतीच्या एसटीत अनसूयाबाई पुढच्याच बाकावर होती. तिला सहाशे एक्कावन्न मिळाले होते. पण तिनं आपला कागद मांडीवर सपाट उघडला होता आणि त्यावर पेन्सिलीनं खुणा करत होती. कुठल्या भागात किती टक्के मिळाले, ते त्या कागदावर छापलेलं असतं. सरांचं तिकडे लक्ष गेलं. वायरलेसच्या भागात तिला ब्याण्णव टक्के होते.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?” सरांनी न राहवून विचारलं.

“तुमीच म्हनला हुता, घरी वाचा. वाचलं.” ती वळून बसली. “तुमचं कशात ग्येलं, सर?”

सरांचा पडलेला चेहरा तिनं पाहिला होता, पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. एका परीक्षार्थीनं दुसऱ्याला विचारावं, तसं तिनं विचारलं होतं. सरांनी खिशातला कागद काढला, घड्या उलगडल्या आणि तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला आणि ‘वायरलेस व्हय’ एवढंच म्हणाली. मग तिनं पिशवीतून वही काढली. पुढचा तासभर ती सरांना वायरलेस समजावत होती आणि मधेमधे सर तिला सबनेटिंग समजावत होते. पत्त्यांचे तुकडे पाडताना ती पहिल्याच पायरीला कुठे घसरते, हे सरांच्या त्या एका तासात लक्षात आलं. आधीच्या दीड वर्षात ते कधी आलं नव्हतं, कारण त्यांनी तिचे गुण पाहिले होते, तिची वही कधी पाहिलीच नव्हती. त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी तिला सांगितलंही.

गाव जवळ आलं तशी सरांना क्लासची चिंता लागली. मुलं विचारतील. काय सांगायचं? केंद्रावरचा सर्व्हर बंद पडला, परीक्षा पुढे ढकलली, असं सांगता आलं असतं. सर्व्हर कधीही बंद पडतो, कुणी शंका घेतली नसती. पंधरा दिवसांनी पुन्हा बसायची सोय होती. तेव्हा पास होऊन आलं की कुणाला कळणारही नव्हतं. अडचण एवढीच होती, की अनसूयाबाईला माहीत होतं. उतरताना ती आपणहून म्हणाली, की मी कुणाला काही सांगणार नाही. सरांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून त्यांना फार लाज वाटली.

पाच वाजता सर क्लासात शिरले आणि दारातच थबकले. टेबलावर हार, नारळ, पेढ्यांचा पुडा. फळ्यावर रंगीत अक्षरात ‘हार्दिक अभिनंदन’. बावीस विद्यार्थी उभे राहून टाळ्या वाजवत होते. सर काही बोलायच्या आत रेश्मा मुलाणीनं त्यांच्या खांद्यावर शाल घातलीसुद्धा. ही रेश्मा पहिल्या बाकावर बसणारी, प्रत्येक पूर्वपरीक्षेत पहिली येणारी. ‘सर, दोन शब्द बोला,’ असा आग्रह सुरू झाला.

सर टेबलामागे उभे राहिले. सर्व्हरचं वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर होतं. मागच्या बाकावर अनसूयाबाई खाली मान घालून बसली होती. ती एकदाही वर बघत नव्हती. सरांना संकोच होऊ नये म्हणून ती असं करते आहे, हे सरांना समजलं.

त्यांनी खांद्यावरची शाल काढली, तिची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

“मी नापास झालो,” ते म्हणाले. “छत्तीस गुण कमी पडले. वायरलेस मला येत नाही. नऊ वर्षं मी ते कुणालाच शिकवलं नाही, कारण ते मलाच येत नव्हतं.”

पेढ्यांच्या पुड्याची दोरी अर्धवट सोडलेली होती, ती सोडणाऱ्याला आता पुढे काय करावं ते कळेना. सरांची मान खाली गेली होती. आता एकेक जण दप्तर उचलेल आणि जिना उतरेल, असं त्यांना वाटलं.

कुणी दप्तर उचललं नाही. रेश्मा उभी राहिली.

“सर, मला पण सबनेटिंग येत नाही,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. पूर्वपरीक्षेचे प्रश्न तेच ते असतात. मी मागच्या बॅचकडून उत्तरं घेऊन पाठ केली.”

सरांनी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, येत नाही म्हटलं की तुम्ही फॉर्म भरत नाही.

आणखी कुणाला येत नाही, असं सरांनी विचारलं. एक हात वर झाला. मग दुसरा. मग एकदम बरेच. सरांनी मोजले, चौदा होते. इतकी वर्षं आपला धडा संपल्यावर सगळे गप्प बसत, ते समजलं म्हणून नव्हे, हे त्यांना त्या चौदा हातांनी सांगितलं. त्यांना रागही आला नाही. त्यांनी फळ्यावरचं अभिनंदन पुसलं आणि सबनेटिंगचा पहिला धडा पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतला. उद्या वायरलेसचा धडा खैरमोडेताई घेतील, असं त्यांनी जाहीर केलं. आपणही बाकावर बसून वही घेणार आहोत, हेही सांगितलं. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले. आणलेले पेढे कुणी परत नेतं का?

पंधरा दिवसांनी सर पुन्हा बसले आणि पास झाले. मार्चमध्ये त्यांनी बावीसच्या बावीस फॉर्म भरले. अनसूयाबाई सातशे चार गुणांनी पास झाली. सहा जण नापास झाले. दुसऱ्या दिवशी पाचच्या आधीच ते सहाही जण आपापला कागद घेऊन क्लासात येऊन बसले होते.

तात्पर्य: नापास होण्याच्या भीतीनं जो परीक्षाच टाळतो, त्याला काय येत नाही ते त्याला कधी कळत नाही, आणि जे कळत नाही, ते त्याला कुणी शिकवूही शकत नाही.