सभेतला पहिला हात

एका राज्यात एक राजा होता, असं गोष्टीत नेहमी असतं. या गोष्टीतल्या राज्यात राजा उरला नव्हता. लोकांनी त्याला हाकलून दिलं होतं, आणि त्याच्या दरबारात आता विणकर, कुंभार, भटारी, पंतोजी अशा साध्या माणसांची सभा भरत होती. पण राजा गप्प थोडाच बसणार? शेजाऱ्याची फौज घेऊन तो परत निघाला आणि सभेच्या गळ्यात लढाई पडली.

लढाई कशी चालवतात हे सभेत कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी माणसं मनापासून राबत होती. रोज सकाळी सैन्याकडून एक स्वार येई, काय हवं-नको ते सांगे, आणि सभा हात वर करून ठराव करी. तोफांना धातू कमी पडला, तेव्हा देवळांतल्या घंटा उतरवल्या. सैनिक अनवाणी आहेत असं कळलं, तेव्हा सभासदांनी तिथल्या तिथे आपले जोडे काढून दिले. त्या दिवसापासून सगळी सभा गार फरशीवर अनवाणीच बसू लागली. मला या लोकांचं फार कौतुक वाटतं, म्हणूनच पुढचं सांगताना रागही येतो.

सभेची एक रीत होती. राजाच्या काळी सगळं कानात कुजबुजून ठरायचं, म्हणून इथे सगळं उघड्यावर चाले. खिडक्यांत गावातली माणसं बसलेली असत. ठरावाला ज्याचा हात पहिला वर जाईल, त्याने मधल्या खांबापाशी उभं राहून सर्वांसमोर कारण सांगायचं.

एकदा एक चौकी हातची गेली. ती सोडून पळालेला नाईक राजाला फितूर निघाला. सभा खवळली. विणकराचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता. विणकर ताडकन उठला.

"आपली पोरं तिथं रक्त सांडतात आणि हे मागं सरतात? आता सभेला विचारल्याशिवाय एक पाऊल मागं घ्यायचं नाही! आणि सभेत जो माघारीची बाजू घेईल, तो राजाचा माणूस!"

विणकराचा हात पहिला वर गेला. मग सगळ्यांचे गेले. खिडक्यांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. सेनापतीने सभेला विचारायचं हे ठीक, पण मग 'हो' म्हणायचं कोणी? त्या टाळ्यांत हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

थोड्याच दिवसांनी सैन्याच्या भाकऱ्या भाजणारा भटारी सभेत म्हणाला, "लांबच्या ठाण्यापर्यंत भाकरी पोचतच नाही. माणसं उपाशी मरतील. त्यांना जरा अलीकडे आणू या." राजाचा माणूस ठरवून त्याला वेशीवर फाशी दिलं. त्याच्या जागेवर पुढे कोणी बसेना.

आणि मग ती सकाळ उजाडली. स्वार धापा टाकत आत आला.

"सेनापतींनी विचारलंय," तो म्हणाला, "आमच्या पाठीमागून शत्रू नदी ओलांडतोय. दुपारच्या आत खिंडीत सरकलो तर वाचू, आणि खिंड राखूही. नाहीतर सगळे कोंडीत सापडू. परवानगी द्या." मग त्याची नजर विणकरावर गेली. "काका, तुमचा पोरगाही तिथंच आहे."

सभा आपापल्या अनवाणी पायांकडे बघत बसली.

पंतोजी अध्यक्ष होते. त्यांनी जरा वेळ सभा थांबवली. पाण्याच्या रांजणापाशी कुंभार विणकराच्या कानाशी लागला.

"सेनापती खरं बोलतोय रे."

"मग कर की हात वर."

"तू कर. कायदा तुझा आहे."

"माझा पोरगा आहे तिथं. लोक म्हणतील, पोरासाठी कायदा मोडला. भटाऱ्याला काय तोंड दाखवू?"

"भटारी मेला."

"म्हणूनच म्हणतो," विणकर म्हणाला.

दरबारात पुन्हा कुजबुज सुरू झाली होती, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सभा परत बसली. पंतोजींनी घसा साफ केला. "सेनापतींनी परिस्थितीची आणखी माहिती पाठवावी, असा ठराव मांडतो." सगळे हात एकदम वर गेले. त्यात पहिला कोणाचा, ते कळलंच नाही. कारणही कोणी विचारलं नाही.

"एवढंच सांगू त्यांना?" स्वाराने विचारलं. तो घोड्यावर बसून निघून गेला.

दुपार कलली तसे तोफांचे आवाज वाढले आणि मग थांबले. दिवस मावळायच्या सुमाराला तोच स्वार पायी परत आला. घोडा नव्हता, डोक्याला चिंधी बांधली होती.

"सेनापती शेवटपर्यंत तुमच्या निरोपाची वाट बघत होते," तो म्हणाला. "कोणी उरलं नाही, काका."

पंतोजींनी कसाबसा शोकाचा ठराव मांडला. पहिला हात विणकराचा वर गेला. रीतीप्रमाणे तो उठला, खांबापाशी जाऊन उभा राहिला आणि कारण सांगायला त्याने तोंड उघडलं. खिडक्यांतली माणसं ऐकायला थांबली. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. घाटाकडून राजाचे नगारे ऐकू येऊ लागले, तरी तो तिथेच उभा होता.

तात्पर्य एवढंच: नको असलेलं खरं बोलणाऱ्याला फासावर चढवू नये. पुढे त्याच खऱ्याची गरज पडते, तेव्हा बोलायला कोणी उरलेलं नसतं.